‘मग बॉम्ब कुठे गेले?’ : अराजकतावादावरच्या एका नोंदीचे प्रकरण

पार्श्वभूमी

राजकीय विचारप्रवाहांचा एक छोटा मराठी परिचयकोश करायचे आम्ही पाच जणांनी ठरवले. सगळे आपापल्या नोकऱ्या सांभाळून करणारे, मानधन नाही. वाचक म्हणून डोळ्यांसमोर होते पदवीचे विद्यार्थी आणि वर्तमानपत्र नीट वाचणारी माणसे. एका नोंदीला साधारण बाराशे शब्द. नावे आणि ओळख पटेल असे तपशील इथे वगळले आहेत.

उदारमतवादाची नोंद तीन आठवड्यांत झाली, समाजवादाची पाच आठवड्यांत. अराजकतावादाच्या, म्हणजे वरून लादलेली सत्ता नाकारणाऱ्या विचारप्रवाहाच्या, नोंदीला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत काय झाले त्याचे हे टिपण. मी गटातला एक संपादक होतो, त्यामुळे खाली जिथे चुका दिसतील तिथे त्यांत माझाही वाटा धरावा.

कामाची पद्धत अशी: लेखक मसुदा देणार, गटातले दोघे तपासणार, मग गटाबाहेरचे एक जाणकार वाचणार. या नोंदीसाठी आम्ही ज्या ताईंना लिहायला सांगितले त्यांचा या विषयावर अनेक वर्षांचा अभ्यास होता आणि जिव्हाळाही. बाहेरचे वाचक म्हणून निवडलेले सर राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, संविधानवादी, शिस्तीचे. जिव्हाळा असलेली लेखिका आणि संशयी परीक्षक ही जोडी समतोल साधेल, असे आम्ही गृहीत धरले. हा पहिला निर्णय, आणि तो आम्ही फारसा विचार न करता घेतला.

अडचण कशी समोर आली

ताईंचा पहिला मसुदा सुंदर होता. फ्रेंच विचारवंत प्रूदाँने १८४० मध्ये ‘मी अराजकतावादी आहे’ असे म्हणत शिवीसारखा वापरला जाणारा शब्द स्वतःहून अंगावर घेतला, तिथून सुरुवात. मग रशियन क्रांतिकारक बाकुनिन, पहिल्या इंटरनॅशनलमध्ये, म्हणजे कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत, मार्क्सशी झालेला झगडा, १८७२ च्या हेग अधिवेशनात बाकुनिनची हकालपट्टी. मग रशियन अराजकतावादी विचारवंत क्रोपोत्किन आणि परस्पर साहाय्याचा त्याचा सिद्धान्त, टॉलस्टॉयचा अहिंसक राज्यविरोध, अमेरिकेतली अराजकतावादी कार्यकर्ती एम्मा गोल्डमन. मात्र पहिले वाक्य असे होते: ‘अराजकतावाद ही मानवी स्वातंत्र्याची सर्वोच्च उपासना आहे.’

सरांनी मसुदा परत पाठवला तेव्हा पूर्ण मजकुरावर एकही खूण नव्हती. शेवटच्या पानाच्या तळाशी पेन्सिलीने चार शब्द होते : ‘मग बॉम्ब कुठे गेले?’

प्रश्न रास्त होता. १८९४ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष कार्नो, १८९८ मध्ये ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ, १९०० मध्ये इटलीचा राजा उंबेर्तो, १९०१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष मॅकिन्ली. या चौघांनाही मारणारे स्वतःला अराजकतावादी म्हणवत होते. नोंदीत यातले एकही नाव नव्हते. ताईंचे म्हणणे, ‘हत्या म्हणजे तत्त्वज्ञान नव्हे. उदारमतवादाच्या नोंदीत तुम्ही वसाहतींमधल्या गोळीबारांची यादी दिलीत का?’ हाही प्रश्न रास्तच होता, आणि त्याचे उत्तर आमच्यापैकी कुणाकडे नव्हते.

तिढा कुठे आहे ते बघायला आम्ही गटाबाहेरच्या काही तरुण वाचकांना नुसते शीर्षक दिले, ‘अराजकतावाद’, आणि या नोंदीत काय असेल असे वाटते ते दोन ओळींत लिहायला सांगितले. दंगल, लूट, जाळपोळ, ‘सरकार पडल्यावर होते ते’. एकाने फक्त ‘ट्रॅफिक’ एवढेच लिहिले. एकीने शब्दच लिहिले नाहीत, गोलात इंग्रजी ए, म्हणजे अराजकतावादाचे चिन्ह, काढला. टी-शर्टवर पाहिला होता म्हणाली. एखाद्या विचाराचे नाव तिथे कुणाच्याच मनात आले नाही.

म्हणजे अडचण दुहेरी होती. नोंदीतून हिंसा गायब होती, आणि मसुदा वाचकाच्या मनातल्या चित्राशी बोलतच नव्हता. वाचक दंगल मनात घेऊन येणार, नोंद त्याला उपासना सांगणार, आणि तो ‘काहीतरी लपवताहेत’ असे म्हणत पान उलटणार.

पहिला पेच: नाव काय द्यायचे

भाषेची तपासणी करणाऱ्या सहकारी बाईंनी सुचवले की दोष शब्दाचाच आहे, तो बदलू. समोर तीन पर्याय होते.

‘अराज्यवाद’ हा शब्द राज्यशास्त्राच्या मराठी लेखनात आढळतो, आणि त्याला दंगलीचा वास नाही. पण तो अर्धाच अर्थ सांगतो. अराजकतावाद्यांचा आक्षेप एकट्या राज्यावर नाही. कारखान्याचा मालक, धर्मपीठ, घरातला कर्ता पुरुष, जिथे जिथे वरून खाली हुकूम चालतो तिथे तो आहे. शिवाय राज्यावर तेवढा राग आणि बाजारावर पूर्ण श्रद्धा असणारेही ‘अराज्यवादी’ या नावाखाली सहज शिरतील.

‘ॲनार्किझम’ असे इंग्रजी नावच ठेवावे, हे एका तरुण सहकाऱ्याचे मत. सोपे खरे, पण मग त्या टी-शर्टपलीकडे आपण गेलो कुठे?

तिसरा पर्याय ‘अराजकतावाद’ हाच ठेवायचा आणि त्या शब्दाची कथा नोंदीतच सांगायची.

इथे बाईंनी जे खोदून काढले ते मला या सगळ्या खटाटोपातले सर्वांत मोलाचे वाटते. ‘अराजक’ म्हणजे मुळात राजा नसलेले, एवढेच. गोंधळ हा त्यावर चढलेला अर्थ, आणि तो फार जुना आहे. रामायणाच्या अयोध्याकांडात दशरथाच्या मृत्यूनंतर ‘नाराजके जनपदे’ असे पालुपद घेऊन श्लोकामागून श्लोक येतात: राजा नसलेल्या देशात पाऊस पडत नाही, शेतात बी पेरले जात नाही, पुत्र पित्याचे ऐकत नाही. ग्रीकमध्येही हेच. ‘अनार्खिया’ म्हणजे आर्खोन, अर्थात मुख्य अधिकारी, नसणे. इसवी सनपूर्व ४०४–४०३ या वर्षाला अथेन्सच्या लोकांनी ‘अनार्खिया’ असे नाव दिले, कारण त्या वर्षीचा आर्खोन मूठभरांच्या सत्तेने नेमलेला होता आणि त्याच्या नावाने वर्ष मोजणे त्यांना मान्य नव्हते. गंमत अशी की ते वर्ष तीस जुलमी सत्ताधीशांचे होते. तिथे सत्तेचा अभाव नव्हता, अतिरेक होता. तरी नाव पडले ‘अनार्खिया’!

ताईंना यातून एक हत्यार सापडले. महाभारताच्या शांतिपर्वात ५९ व्या अध्यायात भीष्म सांगतो: ‘न वै राज्यं न राजासीन्न च दण्डो न दाण्डिकः। धर्मेणैव प्रजाः सर्वा रक्षन्ति स्म परस्परम्॥’ राज्य नव्हते, राजा नव्हता, दंड नव्हता, दंड देणाराही नव्हता; लोक धर्मानेच एकमेकांचे रक्षण करत. हा श्लोक नोंदीच्या डोक्यावर मोठ्या टाइपात द्यावा, असा ताईंचा आग्रह. मला कल्पना इतकी आवडली की मी लगेच हो म्हटले.

बाईंनी मात्र अध्याय पुढे वाचला. ‘ताई, पुढच्याच श्लोकात हे लोक थकतात आणि त्यांना मोह होतो. तिथूनच राजा आणि दंडनीती यांची गरज उभी राहते. हा श्लोक राजसत्तेच्या समर्थनाची पहिली पायरी आहे. अर्धा तोडून वर लावला तर सर पेन्सिलही उचलणार नाहीत, थेट नोंद परत करतील.’ ताई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘मग दोन्ही श्लोक देऊ.’ शेवटी तसेच झाले. श्लोक डोक्यावरून मजकुरात आला, पुढच्या श्लोकाचा अर्थ जोडून.

दुसरा पेच: हिंसा कुठे ठेवायची

सरांच्या पेन्सिलीने ताई दुखावल्या होत्या. दुसऱ्या मसुद्यात त्यांनी बॉम्ब आणले ते असे की निम्मी नोंद हत्यांनीच भरली. त्यात १८८१ मधली झार दुसऱ्या अलेक्झांडरची हत्याही होती. ती घडवणारी ‘नारोदनाया वोल्या’ ही रशियन क्रांतिकारी संघटना अराजकतावादी नव्हती, हे आमच्या तपासणीत सापडले. जनमानसातली सरमिसळ दुरुस्त करायला निघालेल्या नोंदीतच ती सरमिसळ शिरली, आणि तीही विषयाच्या जाणकाराच्या हातून.

हिंसेसाठी तीन जागा होत्या. शेवटी ‘टीका’ म्हणून वेगळा परिच्छेद; तळटीप; किंवा इतिहासाच्या ओघातच.

तळटिपेचा पर्याय मी मांडला, कारण त्याला एक प्रतिष्ठित पूर्वज आहे. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या १९१०–११ मधल्या अकराव्या आवृत्तीत ‘अराजकतावाद’ ही नोंद खुद्द क्रोपोत्किनने लिहिली. संपादकांना ती तशीच छापवेना. त्यांनी खाली बारीक अक्षरांत लांबलचक टीप जोडली: हा शब्द लोक सैलपणे वापरतात, तात्त्विक अराजकतावादी हा संबंध नाकारेल, असे म्हणत पुढे हत्यांची आणि स्फोटांची जंत्री. म्हणजे आमच्या ताई, आमचे सर आणि मी, तिघेही शंभर वर्षांपूर्वी त्या एका पानावर हजर होतो.

पण ती टीप नीट वाचल्यावरच मला माझा पर्याय मागे घ्यावासा वाटला. वर तत्त्वज्ञान आणि खाली रक्त, अशी विभागणी करून त्या संपादकांनी कुणाचेच समाधान केले नाही. दोघांमधला संबंध काय, हा वाचकाचा खरा प्रश्न. आणि त्याचेच उत्तर तिथे नाही.

तो संबंध होता. १८७० नंतरच्या दशकांत ‘कृतीतून प्रचार’ ही कल्पना चळवळीतच रुजली होती: एका धाडसी कृत्याने शंभर पत्रकांचे काम होते. स्वतः क्रोपोत्किन सुरुवातीला या कल्पनेकडे सहानुभूतीने बघत होता, पुढे त्याला ती वाट भ्रामक वाटू लागली. टॉलस्टॉयसारखे लोक राज्य नाकारत तेच मुळी राज्य म्हणजे संघटित हिंसा म्हणून. त्यांना बॉम्ब आणि फाशी एकाच तागडीत दिसत. म्हणजे हिंसेचा वाद परंपरेच्या आत होता. तो वगळला तर परंपराच अर्धवट राहते.

दुसरी बाजू शिक्का मारण्याची. शिकागोत ४ मे १८८६ रोजी हेमार्केट चौकात पोलिसांवर बॉम्ब पडला. तो कुणी फेकला हे कधीच सिद्ध झाले नाही. तरी आठ अराजकतावाद्यांना दोषी ठरवले गेले. १८८७ मध्ये चौघांना फाशी झाली, एकाने कोठडीत जीव दिला. १८९३ मध्ये राज्याच्या गव्हर्नरने उरलेल्या तिघांना सोडले आणि खटल्यावर कडक ताशेरे ओढले. तोवर बॉम्ब आणि दाढी असलेला व्यंगचित्रातला अराजकतावादी पक्का झाला होता. १९०३ मध्ये अमेरिकेने अराजकतावाद्यांना देशात यायलाच कायद्याने बंदी घातली. भारतातल्या रौलट कायद्याचे अधिकृत नावही १९१९ चा ‘अराजकतावादी व क्रांतिकारी गुन्हे कायदा’ असेच होते. राष्ट्रवादी क्रांतिकारकांना, म्हणजे ज्यांना स्वतःचे राज्य हवे होते त्यांनाच, सरकारने या नावाखाली आणले.

आमचा निर्णय झाला तो असा: हिंसा ओघातच येईल, दोन धाग्यांनी. एक, चळवळीतला वाद. दोन, सत्तेने मारलेला शिक्का. दोन्ही मिळून नोंदीच्या पाव भागापेक्षा जास्त नाही.

सरांनी यावर एकच भर घालायला सांगितली. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी सविनय कायदेभंग, असहकार, सत्याग्रह या मार्गांना ‘अराजकतेचे व्याकरण’ म्हटले. सनदशीर मार्ग खुले असताना या मार्गांचे समर्थन होत नाही, असा मुद्दा. मराठी वाचक हा शब्दप्रयोग ऐकून असतो, तेव्हा तो नोंदीत नसेल तर चुकेल. ताईंनी त्याला जोड दिली: १९१६ मध्ये बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात गांधींनी ‘मीही अराजकवादी आहे, पण वेगळ्या प्रकारचा’ असे म्हटले होते. दोघांनीही शब्द आपापल्या कामासाठी वापरला, आणि प्रूदाँ–क्रोपोत्किनच्या परंपरेविषयी दोघांपैकी कुणीच बोलत नव्हते. हा परिच्छेद सर आणि ताई यांनी मिळून लिहिला. नोंदीत एवढा एकच परिच्छेद दोघांचा आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत चांगला.

तिसरा पेच: पहिले वाक्य

शीर्षकावर आम्ही महिना घालवला, पण खरी कळ पहिल्या वाक्यात होती हे उशिरा कळले.

आमच्या आराखड्यात मीच सुरुवातीला एक काम चालवण्यापुरते वाक्य टाकले होते: ‘राज्यसंस्था नष्ट करून नियमविरहित समाज निर्माण करू पाहणारी विचारसरणी.’ ताईंनी ते खोडून ‘उपासना’ लिहिली. माझ्या वाक्यातला ‘नियमविरहित’ हा शब्द साफ चूक होता. नियमांना विरोध करणारी ही परंपराच नाही. कामगार संघटना, सहकारी मंडळे, परत बोलावता येणारे प्रतिनिधी, खालून वर जोडलेले संघ, या सगळ्यांना नियम लागतातच. प्रश्न ते कोण करतो आणि न पटल्यास बाहेर पडता येते का, हा. स्पेनमधल्या सीएनटी या अराजकतावादी वळणाच्या कामगार महासंघाची स्थापना १९१० ची. लाखो सदस्यांची संघटना नियमांवाचून चालत नाही.

वाचून दाखवले तेव्हा एका तरुण वाचकाने विचारले, ‘म्हणजे हे लोक डॉक्टरचेही ऐकणार नाहीत?’ त्यावर ताईंनी बाकुनिनचा जोड्यांचा दृष्टान्त सांगितला: जोड्यांच्या बाबतीत मी जोडे शिवणाऱ्याचे ऐकतो, घराच्या बाबतीत वास्तुकाराचे, पण त्यांना माझ्यावर लादले तर मी ऐकणार नाही, आणि मी चार जणांना विचारून माझे मत बनवीन. खोलीतल्या सगळ्यांना ते एका दमात समजले. मसुद्यात हा दृष्टान्त चौथ्या पानावर पडून होता.

तो उचलून दुसऱ्या परिच्छेदात आणला आणि पहिले वाक्य असे बनले: ‘माणसावर सक्तीने चालणाऱ्या कोणत्याही सत्तेने, मग ती राज्याची असो, मालकाची असो वा धर्मपीठाची, आपले समर्थन केले पाहिजे, ते करता येत नसेल तर तिच्या जागी स्वेच्छेने जोडलेल्या संस्था उभ्या कराव्यात, असे मानणारी राजकीय परंपरा.’ लांब आहे, जड आहे. पण दंगल मनात घेऊन आलेल्याला ते थांबवते, आणि सरांनाही त्यात उपासना दिसली नाही.

निष्पत्ती

नोंद छापली गेली. आधी ज्यांना नुसते शीर्षक दिले होते त्यांच्यापैकी काहींना पूर्ण नोंद वाचायला दिली. सगळे पटले असे कुणी म्हटले नाही, आणि तशी अपेक्षाही नव्हती. प्रश्न मात्र बदलले. आधी होता ‘पोलीस नसतील तर लूट होणार नाही का?’ आता एकाने विचारले, ‘रेल्वेचे वेळापत्रक कोण ठरवणार?’

हा प्रश्न क्रोपोत्किनला ठाऊक होता. युरोपातल्या कितीतरी रेल्वे कंपन्यांनी कुठल्याही केंद्रीय सत्तेशिवाय आपापसांत करार करून गाड्या सीमा ओलांडून नेल्या, हे त्याचेच आवडते उदाहरण. त्यावर त्या वाचकाचे प्रत्युत्तर, ‘पण त्या कंपन्यांच्या मागे कायदा आणि सरकार होतेच की.’ सर खूश झाले. ताईसुद्धा, कारण वाद आता योग्य ठिकाणी आला होता.

एक तक्रार मात्र दोन्ही बाजूंनी आली आणि ती खरी आहे: स्पेन १९३६ ला, म्हणजे तिथल्या यादवी युद्धाच्या सुरुवातीच्या काळाला, आम्ही दोनच ओळी दिल्या. कॅटलोनिया आणि अरागॉनमध्ये कामगार–शेतकऱ्यांनी चालवलेले सामूहिक उद्योग आणि शेती, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सीएनटीचे चार जण सरकारात मंत्री होणे. राज्य नाकारणाऱ्यांनी राज्यात शिरावे की नाही, हा या परंपरेचा सर्वांत अवघड प्रसंग. शब्दमर्यादेत आम्ही तो कापला आणि रामायण ठेवले.

वेगळे काय करता आले असते

शीर्षकाची चाचणी आम्ही मसुद्यानंतर केली. ती आधी करून तिची उत्तरे ताईंच्या हातात दिली असती तर ‘उपासना’ लिहिली गेलीच नसती, असे त्या स्वतः म्हणाल्या.

लेखिका आणि परीक्षक यांना आम्ही एकमेकांपासून दूर ठेवले, निःपक्षपातीपणाच्या नावाखाली. दोघे पहिल्यांदा भेटले ते चौथ्या महिन्यात, आणि त्या एका दुपारीच आंबेडकर–गांधींचा परिच्छेद झाला. ही भेट पहिल्या मसुद्याआधी घडवायला हवी होती. पेन्सिलीच्या चार शब्दांनी जे दुखावले ते समोरासमोर ‘ताई, बॉम्ब कुठे गेले हो?’ असे विचारले असते तर हसण्यावारी गेले असते.

दोन टोकांची माणसे निवडली की मधला मजकूर आपोआप समतोल होतो, हा आमचा समज तर पुरता खोटा ठरला. मसुदा एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेला, एवढेच.

राहता राहिले शीर्षक. पाच जणांचे एकमत शेवटपर्यंत झाले नाही. दोघे ‘अराज्यवाद’वर अडून होते, दोघे ‘अराजकतावाद’वर, तरुण सहकारी अजून ‘ॲनार्किझम’वर. छपाईला फाइल जायच्या रात्री समन्वयकांनी कुणालाही न विचारता ‘अराजकतावाद’ टाकले आणि फाइल पाठवून दिली. सकाळी ताईंचा निरोप आला: ‘शीर्षक हुकमानेच ठरले म्हणायचे!’ समन्वयकांनी समर्थन केले नाही. दुसऱ्या आवृत्तीच्या कामाच्या यादीत या नोंदीपुढे अजून लिहिलेले आहे, ‘शीर्षक: पुन्हा बघणे. स्पेन: दीडशे शब्द.’